गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि उतारवय

(महोत्सवानिमित्त भरलेल्या वयोवृद्ध धर्मग्रामस्थांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें मंदिराचा इतिहास सांगावा व पूर्वजांचें गुणगान करावें, अशी वहिवाट आहे. तें काम ह्या पुस्तिकेंत इतरांनीं केलेंच आहे. आज आम्हीं निवडलेला विषय अगदीं साधा आहे; तो ऐकून कांहीं जणांस हंसूंहि येईल. तो विषय म्हणजे गुडघा. परंतु हें मंदिर ज्यांनीं उभारलें, त्यांनीं तें हातांइतकेंच गुडघ्यांच्या बळावर उभारलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा विषय महोत्सवास विसंगत वाटणार नाहीं.

आपला जिल्हा, जो २०२४ सालापासून अहिल्यानगर ह्या नांवानें ओळखला जातो, तो कष्टाचा जिल्हा आहे. प्रवरा व मुळा ह्या नद्यांच्या कालव्यांखालीं उसाची लागण, खुरपणी व तोडणी. कोरडवाहू भागांत ज्वारी-बाजरीची काढणी. हीं सारीं कामें वांकून किंवा उकिडवें बसून करावयाचीं. त्यावर स्त्रियांच्या वांट्यास चुलीपुढचें बसणें आणि डोक्यावर हंडा घेऊन केलेली पायपीट. चाळीस-पन्नास वर्षें असें राबलेल्या गुडघ्यानें साठीनंतर कुरकुर केली, तर त्यांत नवल तें काय?

दर रविवारीं वेदीपाशीं उभे राहून आम्ही समोर पाहतों, तेव्हां कांहीं ठराविक जागा रिकाम्या दिसतात. घरीं भेटीस जावें, तों उत्तर मिळतें, "फादर, गुडघं टेकवत नाहीत. सगळी गुडघ्यावर अन् आपण तेवढं खुर्चीवर, बरं दिसतं का?" दुसऱ्या घरीं आई म्हणते, "मला काही होत नाही," आणि पाणी आणावयास उठतांना भिंत धरते. तिला होतें पुष्कळ; पण नातवाच्या फीचे पैसे आपल्या पायावर खर्च व्हावयाचे, हा विचार तिला बोलूं देत नाहीं. ह्या दोन प्रकारच्या मौनासाठींच आजचें बोलणें आहे.

प्रथम हें दुखणें काय आहे तें पाहूं. मांडीचें हाड व नळीचें हाड जेथें भेटतात, तेथें दोहोंच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वय, वजन, जुनी इजा, अतिश्रम व आनुवंशिकता ह्यांमुळें तो थर झिजतो. कूर्चा पुन्हां पहिल्यासारखी भरून येत नाहीं. मग हाडावर हाड घांसतें, सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखा वांकतो. ह्यास लोक सरसकट संधिवात म्हणतात.

परंतु प्रत्येक दुखऱ्या गुडघ्यास शस्त्रक्रिया लागत नाहीं, हें आम्ही आग्रहानें सांगतों. वजन थोडें उतरविणें, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, हातीं काठी, जमिनीऐवजीं खुर्ची, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध. एवढ्यावर अनेकांचीं कित्येक वर्षें सुखानें जातात. हे सर्व उपाय करूनहि जेव्हां वेदना रात्रीं झोंप मोडतात, अंगणापलीकडे जाणें अशक्य होतें, आणि क्ष-किरणाच्या चित्रांत सांधा पार झिजलेला दिसतो, तेव्हां शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो. तो निर्णय डॉक्टर व रुग्ण ह्या दोघांनीं मिळून करावयाचा. शेजाऱ्यानें केली म्हणून करूं नये, आणि शेजाऱ्यास त्रास झाला म्हणून टाळूंहि नये.

ह्या शस्त्रक्रियेचें नांव आपल्याकडे घरोघरीं पोंचलें तें बहुधा २००० सालीं. त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत पंतप्रधान श्री. अटलबिहारी वाजपेयी ह्यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली. उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्यें झाली. पहिल्या वेळीं त्यांचें वय ७५ होतें. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे मध्य प्रदेशांत जन्मलेले व न्यूयॉर्क येथें नांवारूपास आलेले शल्यविशारद. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज म्हणतां येईल असा सांधा १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ज्या मंडळींनीं सिद्ध केला, त्यांत डॉ. इन्सॉल व श्री. वॉकर ह्यांच्याबरोबर डॉ. राणावत होते. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पांच-सहा आठवड्यांतच, जुलैच्या मध्यास, वाजपेयी आग्रा येथें पाकिस्तानच्या अध्यक्षांशीं बोलणीं करीत होते. तेव्हां पंचाहत्तरी म्हणजे सर्व संपलें, असें कोणीं समजूं नये.

आतां दुसरें उदाहरण पाहा. पोप फ्रान्सिस ह्यांचा गुडघा २०२२ सालीं इतका दुखावला कीं, त्या वर्षाच्या मे महिन्यापासून ते लोकांसमोर चाकांच्या खुर्चींतून येऊं लागले. त्यांनीं मात्र शस्त्रक्रिया नाकारली. २०२१ मध्यें आंतड्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं दिलेल्या भुलेचा त्रास त्यांस पुढेंहि जाणवत होता, हें कारण त्यांनीं स्वतः सांगितलें. तथापि २०२२ च्या जुलै महिन्यांत त्याच खुर्चींतून ते कॅनडांत गेले व तेथील आदिवासी जनांची त्यांनीं क्षमा मागितली. २०२५ च्या एप्रिलमध्यें ते प्रभूच्या घरीं गेले. एकानें शस्त्रक्रिया करविली, दुसऱ्यानें नाकारली. दोघांपैकीं कोणींहि आपलें कर्तव्य सोडलें नाहीं. आम्हांस वाटतें, शहाणपण एकाच उत्तरांत सांठविलेलें नाहीं. दुखणें लपवून घराच्या कोपऱ्यांत बसणें, हें मात्र उत्तरच नव्हे.

ज्यांनीं शस्त्रक्रियेचा निश्चय केला आहे त्यांच्यासाठीं आतां कांहीं गोष्टी स्पष्ट सांगतों. कारण भीतीचा निम्मा भाग अज्ञानाचा असतो. गुडघा कापून काढतात ही समजूत खरी नव्हे. हाडांच्या झिजलेल्या टोकांचा पातळ थर काढून त्यांवर धातूचें आवरण बसवितात आणि मध्यें टणक प्लॅस्टिकची चकती ठेवतात. किडलेल्या दातावर टोपी बसवावी तसें. बहुधा कमरेखालचा भाग बधिर करून हें काम दीड-दोन तासांत होतें. त्यापूर्वीं मधुमेह व रक्तदाब आटोक्यांत हवेत. दातांत किंवा त्वचेवर पू असल्यास तें आधीं बरें करून घ्यावें, कारण नव्या सांध्यास जंतुबाधेचें मोठें भय असतें. घेत असलेलीं सर्व औषधें, झाडपाल्याचींसुद्धां, डॉक्टरांस सांगावींत.

शस्त्रक्रिया डॉक्टरांची, पण बरें होणें हें रुग्णाचें काम आहे. त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं वॉकर धरून उभें करतात. तेव्हां "आज राहूं द्या" असें म्हणूं नये. पावलें वरखालीं हलविणें, मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबणें, पाय सरळ उचलणें, गुडघा हळूहळू वांकविणें, हे व्यायाम दिवसांतून अनेक वेळां करावयाचे. जपमाळेचा एकेक मणी जसा पुढें सरकतो, तसे हे व्यायाम मोजून व नेमानें झाले पाहिजेत. बरें वाटतें म्हणून गुडघ्याखालीं उशी ठेवून पडूं नये. त्यानें गुडघा वांकलेलाच राहतो. जिना चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना शस्त्रक्रियेचा पाय आधीं. काठी घ्यावयाची ती दुसऱ्या बाजूच्या हातांत.

पोटरी दुखून सुजली, धाप लागली, छातींत दुखूं लागलें, ताप आला किंवा जखमेंतून पाणी येऊं लागलें, तर रात्र असली तरी थांबूं नये. पोटरी चोळूं नये. तेल लावून रगडणारे पुष्कळ भेटतात; त्यांस नमस्कार करून वाटेस लावावें.

मनाचीहि तयारी हवी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत पुष्कळांस रडूं कोसळतें. झोंप नाहीं, सूज आहे, आणि शेजारी सांगतो कीं अमका पंधरा दिवसांत चालूं लागला. अशा वेळीं ध्यानांत ठेवावें कीं सूज व ऊब कित्येक महिने राहते आणि पूर्ण सुधारणेस वर्षहि लागतें. आणखी एक सत्य सांगणें प्राप्त आहे. पांचांतील एखाद्यास अपेक्षेइतकें सुख मिळत नाहीं. उलट, २०१९ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या अभ्यासाप्रमाणें शंभरांतील सुमारें ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षें टिकतात. आशा धरावी, पण मोजून धरावी.

आतां घरच्या मंडळींस दोन शब्द. पहिले दीड महिने घराची परीक्षा असते. बसण्यास उंच खुर्ची, शौचालयांत कमोड, न्हाणीघरांत धरण्यास दांडी, पायांत अडकणाऱ्या सतरंज्या दूर. एवढें आधीं करावें. हें सर्व एकट्या सुनेच्या अंगावर टाकूं नये. व्यायाम मोजण्यास मुलगा बसला, औषधाची वेळ नातवानें सांभाळली, तर घराचा स्नेह वाढतो. नाहींतर गुडघा बरा होतो व मनें दुखावतात. आम्हीं दोन्ही पाहिलें आहे.

पैशाचा प्रश्न लहान नाहीं. १६ ऑगस्ट २०१७ पासून केंद्र सरकारनें कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सर्वाधिक वापरांत होता, त्याची किंमत सरासरी दीड लाखांहून ५४,७२० रुपयांवर आली, कर वेगळा. ही फक्त सांध्याची किंमत. खाटेचें भाडें, शल्यविशारदांचें शुल्क व व्यायामाचा खर्च त्यावर. म्हणून होकार देण्यापूर्वीं एकूण खर्च लेखी मागावा. त्यांत संकोच नसावा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीहि असो, आयुष्मान योजनेंत वर्षाला पांच लाखांपर्यंतच्या उपचारांचें कार्ड मिळूं शकतें. आपली शस्त्रक्रिया त्यांत कोणत्या रुग्णालयांत बसते, तें तेथील आरोग्यमित्रास विचारावें. जमीन विकण्यापूर्वीं हें विचारणें अवश्य आहे.

शेवटीं ज्या प्रश्नानें लोक देवळांत येण्याचें टाळतात, त्या गुडघे टेकण्याच्या प्रश्नाकडे वळूं. शस्त्रक्रियेनंतर मांडी घालणें व उकिडवें बसणें बहुतेक डॉक्टर वर्ज्य सांगतात. गुडघे टेकल्यानें नवा सांधा मोडतो असें नाहीं; परंतु जखमेबाहेरची त्वचा बधिर राहते, टेकतांना विचित्र वाटतें, आणि कित्येकांस तें जमतच नाहीं. डॉक्टरांच्या परवानगीवांचून प्रयत्न करूं नये. आणि धर्ममाता ह्याबद्दल काय सांगते? मिस्साबलिदानाच्या नियमांतच हें स्पष्ट केलें आहे कीं, आजारपणामुळें ज्यांस गुडघे टेकतां येत नाहींत त्यांनीं टेकूं नयेत. अर्पणानंतर धर्मगुरु गुडघा टेकवतो, तेव्हां त्यांनीं मस्तक व कंबर लववून आदरानें वंदन करावें. जें उभेंहि राहूं शकत नाहींत, त्यांनीं बसून मस्तक लववावें. तेव्हां खुर्चीवर बसलेली आजी दोषी नाहीं. नियमानेंच तिला ती जागा दिली आहे. तिच्याकडे वळून पाहणारानें मात्र आपलें लक्ष कोठें आहे तें पाहावें.

संत इग्नाशियस लोयोला ह्यांचें स्मरण येथें उचित होईल. १५२१ सालीं पॅम्प्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. हाड वांकडें बसलें म्हणून पुन्हां मोडून बसविलें. गुडघ्याखालीं टोंक वर राहिलें, तेंहि भुलेवांचून कापविलें, कारण त्या तरुण सरदारास बूट चांगला दिसावयास हवा होता! इतकें करूनहि ते जन्मभर थोडे लंगडतच चालले. परंतु त्या सक्तीच्या विश्रांतींत ख्रिस्तचरित्र व संतांचीं चरित्रें वाचून त्यांचें जीवन पालटलें. ज्या येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं आपल्या जिल्ह्यांत इतकें कष्ट केलें, त्या संघाचें मूळ एका रुग्णशय्येंत आहे. खाटेवरचे सहा आठवडे वायां जातात असें कोणीं म्हणूं नये.

महोत्सवानिमित्त आम्ही धर्मग्रामाकडे तीन गोष्टी मागतों. मंदिरांत पुढच्या रांगेंत उंच, हाताच्या खुर्च्या असाव्यात, मागें कोपऱ्यांत नव्हेत. मुख्य दाराच्या पायऱ्यांस धरण्यास कठडा व बाजूस उतरण व्हावी. आणि तरुणांनीं आपसांत पाळी ठरवून, ज्यांस चालवत नाहीं त्यांस रविवारीं गाडीवरून आणावें. सप्टेंबरांत हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस आपण कोसन्‌कोस चालत जातों. आपल्याच गल्लींतील म्हाताऱ्या माणसास हात देण्यास तेवढे कष्ट पडणार नाहींत. पक्षाघाती मनुष्यास चौघांनीं उचलून प्रभूपाशीं आणलें, आणि प्रभूनें प्रथम त्या चौघांचा विश्वास पाहिला. असे चौघे प्रत्येक वाडींत निघोत.

आणि वयोवृद्ध मातापित्यांनो, आपणांस एवढीच विनंती: दुखतें तें सांगा. मुलांस सांगा, डॉक्टरांस सांगा, आम्हांस सांगा. ह्या मंदिरासाठीं आपण आयुष्यभर वांकलांत. आतां आपणांस उभें राहण्यास हात देणें ही आमची पाळी आहे.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.