हातच्याला जागा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू नेमकं करतोस काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून तेच सांगतो.

तुमच्या राउटरमध्ये, संगणकात नखाएवढी एक फ्लॅश मेमरी चिप असते. यंत्र सुरू होताना लागणाऱ्या सूचना तिच्यात असतात. त्या सूचना चिपवर लिहिणारं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते.

चिपमधल्या प्रत्येक बाइटला पत्ता असतो. पूर्वी तीन बाइटांचा, म्हणजे २४ बिटांचा पत्ता पुरत असे. त्यात १,६७,७७,२१६ जागा मोजता येतात. म्हणजे १६ मेगाबाइट. मग ३२ मेगाबाइटच्या चिप आल्या आणि जुनं सॉफ्टवेअर अपुरं पडलं. गणिताचा तास आठवा. ९९९ मध्ये एक मिळवला आणि हातचा मांडायला जागाच नसली, तर उरतं ०००. तसंच इथे होतं. सतराव्या मेगाबाइटसाठी दिलेली आज्ञा पहिल्या मेगाबाइटवर चालते. फ्लॅशमध्ये लिहिण्याआधी पुसावं लागतं. म्हणजे आधी तिथला मजकूर जातो. यंत्र सुरू करणाऱ्या सूचना तिथेच असल्या, तर यंत्र उठतच नाही. ते दूर डोंगरावरच्या टॉवरवर असेल, तर कुणाला तरी तिथवर जावं लागतं.

उपाय सोपा वाटतो: पत्ता चार बाइटांचा करा. बऱ्याच चिपना तशी आज्ञा देता येते. पण काही यंत्रांचा प्रोसेसर पुन्हा सुरू होताना तीनच बाइट पाठवतो. चिप चौथ्याची वाट पाहते आणि सगळं अडतं. म्हणून काम झालं की चिपला जुन्या पद्धतीवर परत आणावं लागतं. काही चिपमध्ये चार बाइटांसाठी वेगळ्या आज्ञाच असतात, तर काहींत वरचा बाइट निराळ्या रजिस्टरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे सॉफ्टवेअर आधी चिपची ओळख विचारतं, मगच लिहितं, आणि लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून पाहतं. नव्या चिपसाठी बदल केला, की जुन्या चिपवरही चाचण्या घेतो. त्या अजून लाखो घरांत चालू आहेत. नव्याच्या नादात त्या बंद पडून चालणार नाही.

नव्या मुलांना मी इंग्रजी पुस्तकातलं फारसं सांगत नाही. आपल्या गणिताच्या सरांचंच सांगतो: हातच्याला जागा ठेवा, आणि उत्तर आलं तरी पडताळा घेतल्याशिवाय वही मिटू नका.