दहा खाटांचा दवाखाना आणि मुंबईत होणारा कायदा



साकोलीत अध्यक्ष म्हणून बोलायला उभे राहणे जोखमीचे आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीची चळवळ याच गावातून उभी केली, त्यामुळे इथल्या श्रोत्यांना पोकळ शब्द लगेच ओळखू येतात. म्हणून सरळ पैशांवरच येतो.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे. आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या नोंदणीचा मूळ कायदा 1949 सालचा, शुश्रूषागृह नोंदणीचा. केंद्राने 2010 मध्ये वैद्यकीय आस्थापनांचा नवा कायदा केला. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आम्ही आमचा करू, असे सांगितले गेले, मसुदे झाले, कायदा काही झाला नाही. मग जुन्याच कायद्याला नियमांची ठिगळे लागत गेली. त्यातले मोठे ठिगळ 14 जानेवारी 2021 चे.

त्याच्या पाचच दिवस आधी काय घडले, ते या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. 9 जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. आगीपासून संरक्षणाचा राज्याचा कायदा तेव्हाही होता, 2006 सालचा. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे, असे तो सांगतो. राज्यभरातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करण्याचे आदेश मात्र बाळे गेल्यावर निघाले. तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरने फायर ऑडिटला ‘कटकट’ म्हणू नये. निदान माझ्यासमोर तरी म्हणू नये.

पण खर्चाचा हिशोब मांडायलाच हवा. अग्निसुरक्षा, जैववैद्यकीय कचरा, प्रदूषण मंडळाची संमती, सोनोग्राफीची नोंदणी, शुश्रूषागृहाचे नूतनीकरण. काही केंद्राचे, काही राज्याचे, प्रत्येकाचे कार्यालय वेगळे आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. धरून चाला, दहा खाटांच्या दवाखान्याला या साऱ्यासाठी वर्षाला तीन लाख लागतात. निम्म्या खाटा भरल्या, तर एका खाटेवर दिवसाला सुमारे 164 रुपये चढतात. दोनशे खाटांच्या रुग्णालयाला पाचपट, म्हणजे पंधरा लाख लागले, तरी तितक्याच भरतीत तिथे 41 रुपयेच चढतात. आकडे माझे मानलेले आहेत. तुम्ही आपले टाकून पाहा. भार कोणावर जास्त पडतो, हे उत्तर फारसे बदलणार नाही.

लहान दवाखान्याला हा भार पेलला नाही की तो आधी बाळंतपणे बंद करतो, मग शस्त्रक्रिया, शेवटी उरते ती फक्त ओपीडी. मग सिझेरियनची बाई रात्री भंडाऱ्याला किंवा थेट नागपूरला निघते. गाडीचे भाडे, सोबतच्या दोघांचे खाणे-राहणे, ऐन रोवणीत बुडालेली मजुरी. हा खर्च कुठल्याच बिलात छापला जात नाही, म्हणून कुठल्याच कायद्याच्या मसुद्यात तो दिसत नाही.

सरकारला गावाचा आकार कळत नाही, असे मात्र समजू नका. कोविडच्या काळात, 21 मे 2020 च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले गेले: साध्या कक्षात दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागात 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. पुढच्या वर्षी शहरांचे तीन गट पडले आणि आपल्यासारख्या क गटात हेच दर 2,400, 4,500 आणि 5,400 झाले. ते योग्यच होते. पण दर उतरवताना ज्यांना साकोली दिसली, त्यांना अटी घालताना ती का दिसत नाही? दराची प्रतवारी होऊ शकते, तर अटींचीही होऊ शकते. आगीच्या आणि जंतुसंसर्गाच्या बाबतीत सवलत नको. कागद, शुल्क, मुदती आणि खिडक्या यांच्यात मात्र खाटांप्रमाणे फरक हवा.

आता आपल्याला न रुचणारे बोलतो. कोविडचे दर बांधले, तेव्हा नागपूरचीच हॉस्पिटल्स असोसिएशन न्यायालयात गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला की कोविड नसलेल्या रुग्णांचे दर सरकारला या आदेशाने ठरवता येणार नाहीत. डॉक्टर जिंकले. पण मग रुग्णाच्या हाती उरले काय? 2021 च्या नियमांतला दरफलक. खाटेचे भाडे, डॉक्टरांची फी, भूल, शस्त्रक्रियागृह, ऑक्सिजन अशा पंधरा बाबींचे दर दर्शनी जागी लावायचे, एवढेच त्यात आहे. दर किती असावा, हे नियम सांगत नाही. तो आधी सांगा, एवढेच म्हणतो. सोबत रुग्णहक्कांची सनद, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवायचा नाही ही अट. किती भिंतींवर हा फलक लागला आहे, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘दर लिहिले की पेशंट घासाघीस करतो’ असे मला सांगतात. करू दे की! धानाच्या भावावर बोलणारा शेतकरी सिझेरियनच्या भावावर बोलला, तर आपला अपमान कसा होतो?

आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे विमा संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. दोन्ही चांगले निर्णय. पण ते शासन निर्णय आहेत, हक्काचा कायदा नव्हे. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथले आपलेच व्यवसायबंधू रस्त्यावर उतरले होते. खरोखर कायद्याने दिलेला एक हक्क आपल्याकडे आहे, तो धर्मादाय रुग्णालयांचा: 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. अशी बहुतेक रुग्णालये मोठ्या शहरांत आहेत. म्हणून रुग्णाला नागपूरला पाठवताना चिठ्ठीवर या राखीव खाटांचा उल्लेख करा आणि रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यायला सांगा. इथे आलेल्या आशाताईंनो, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगले कराल.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, इथून शंभरेक किलोमीटरवर. त्याआधी खाटांप्रमाणे अटींची प्रतवारी आणि सर्व परवानग्यांची एकच खिडकी मागणारे निवेदन आपण जिल्ह्यातल्या आमदारांकडे द्यावे, अशी माझी सूचना आहे. मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. सही करणाऱ्याने आपल्या दवाखान्यातल्या दरफलकाचा फोटो सोबत जोडावा. ज्यांच्याकडे फलक नाही, त्यांनी आधी तो लावावा आणि मग सहीला यावे.