चिंताग्रस्त मनास योग्य चिकित्सक कसा शोधावा



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही आपल्या मंदिराच्या इतिहासावर बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल. परंतु ते काम इतर वक्ते आमच्याहून चांगले करतील. मिस्सा आटोपल्यावर सॅक्रिस्टीच्या दारापाशी थांबून कित्येकजण आम्हांस विचारतात, "फादर, रात्री झोप येत नाही, छातीत धडधडते, काही घडले नसताही जीव घाबरा होतो, कोणती नोव्हेना करू?" नोव्हेना अवश्य करावी. परंतु हात मोडला असता आपण नोव्हेनाही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मग मन खचले असताच डॉक्टरची लाज का वाटावी?

संत इग्नाती लोयोला यांचे उदाहरण घ्या. इ. स. 1522 मध्ये स्पेनमधील मानरेसा या गावी त्यांना शंकांनी असे घेरले की, तीच ती जुनी पापे पुन:पुन्हा निवेदन करूनही त्यांस शांती लाभेना. जीव द्यावा, असेही विचार त्यांच्या मनात आले. संतांची ही दशा, तर आपली काय कथा! पोप फ्रान्सिस यांनीही, वयाच्या 42व्या वर्षी आपण सहा महिने आठवड्यातून एकदा एका मनोविश्लेषक बाईंकडे जात होतो, हे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींच्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले. त्या बाई यहुदी होत्या. "फादर, कॅथलिक डॉक्टरच सांगा," असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चिकित्सकाने आपल्या श्रद्धेची टवाळी करू नये, एवढे पुरे; त्याने आपल्याबरोबर जपमाळ म्हणावी अशी गरज नाही.

आता जावे कोणाकडे? प्रथम घरच्या डॉक्टरकडे; कारण कंठातील थायरॉईड ग्रंथी बिघडल्यानेही छाती धडधडते व हात कापतात. ते कारण नसेल तर मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध देण्याचा अधिकार त्यास आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मुख्यत: संभाषणाच्या मार्गाने उपचार करतो, त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या पटावर असते, ती पाहून घ्यावी. नुसत्या 'समुपदेशक' या पाटीवर मात्र भुलू नये. शिक्षण कोठे झाले, चिंतेचे रोगी पूर्वी हाताळले आहेत काय, पद्धत कोणती, शुल्क किती, हे पहिल्या भेटीतच विचारावे. लग्नासाठी स्थळ पाहताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. येथेच संकोच कसला? जो अशा प्रश्नांनी रागावतो, त्याजकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

आपल्या बोलीत बोलता येते की नाही, हेही पाहावे. जी बाई घरी वाडवळीत रडते, तिला इंग्रजीत आपले दु:ख कसे सांगता येईल? एखादीस स्त्री-चिकित्सकच हवी असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. चांगला चिकित्सक केवळ धीर देत नाही. भयाच्या विचारात तथ्य किती, हे तो आपल्याकडूनच तपासून घेतो, आणि ज्या गोष्टी आपण भीतीने टाळतो, त्या थोड्याथोड्याने करावयास लावतो. यास अनेक भेटी लागतात. चारसहा भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल, तर तसे त्यास सांगावे व जरूर तर दुसरा पाहावा. हा कृतघ्नपणा नव्हे.

आमच्याकडे जरूर या, पण आम्ही चिकित्सक नव्हे. पापनिवेदनाच्या गुप्ततेस अपवाद नाही. चिकित्सकही 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेस बांधलेला आहे, मात्र कोणाच्या जिवास धोका असेल तर त्यास बोलावे लागते. आणखी एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो: एखाद्या प्रार्थनासभेत कोणी "श्रद्धा असेल तर गोळ्या फेकून द्या" म्हणाला, तर त्याचे ऐकू नका. अशी औषधे एकाएकी थांबविल्याने दुखणे उलटते. ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच कमी करावीत.

जीव नकोसा वाटू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो, व तेथे मराठीतही बोलता येते. तो घरातील भिंतीवर, कॅलेंडरजवळ लिहून ठेवा.

आणि घरच्या मंडळींस एक विनंती. पहिल्या भेटीस सोबत जा, बाहेर बाकावर बसा, परतताना मात्र "आत काय बोललीस?" असे विचारू नका.