पाहुण्यांच्या जिवावर
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा प्रत्येकीने आपण वाचलेल्या एका पुस्तकाविषयी दहा मिनिटे बोलावयाचे, असे चिटणीसबाईंनी ठरविले. माझ्या पुस्तकाचे नाव ऐकून पुष्कळजणींना हसू येईल. पीटर बेंचली यांची ‘जॉज’ ही ती कादंबरी. ती १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, आणि १९७५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट तुमच्यापैकी कित्येकींनी मुलांबरोबर पाहिला असेल. माणसे खाणाऱ्या माशाची गोष्ट, एवढेच मलाही ठाऊक होते. पण एका दुपारी मुलाचे पुस्तक सहज उघडले, थोडी पाने वाचली, आणि मनात आले, अगबाई, हे तर आपल्याच गावाचे वर्णन!

अ‍ॅमिटी हे लेखकाने कल्पिलेले गाव. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर ते वसले आहे. हिवाळ्यात तेथे हजारभर वस्ती असते. उन्हाळा चांगला असला की ती दहा हजारांच्या घरात जाते. वरचे हे नऊ हजार लोक पैसेवाले. समुद्रकाठी त्यांचे बंगले, नाहीतर हंगामापुरती भाड्याने घेतलेली घरे. ते दोनतीन महिने जे खर्च करतात, त्यावर गावाची चूल वर्षभर पेटते. हंगाम बुडाला तर हिवाळा कसा काढायचा, ही धास्ती गावात ज्याच्या त्याच्या पोटात असते.

अशा गावात ऐन हंगामाच्या तोंडावर एक तरुण मुलगी रात्री पोहायला जाते, ती परत येत नाही. पोलीसप्रमुख मार्टिन ब्रॉडी म्हणतो, किनारा बंद करू या. नगराध्यक्ष म्हणतो, नको. वर्तमानपत्राचा संपादक बातमी छापत नाही, आणि शेवटी ब्रॉडीही नमते घेतो. मग थोड्याच दिवसांत पाण्यात खेळणारा एक लहान मुलगा जातो. त्याची आई ब्रॉडीला लोकांदेखत जाब विचारते. तिला कळलेले असते की, याला आधीपासून माहीत होते. बायांनो, त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवले. मासा तर मुकी जात, त्याला काय समजते? समजत होते ते माणसांना.

यातील दुसरे पात्र मला फार जवळचे वाटले, ते ब्रॉडीची बायको एलन. ती मूळची त्या उन्हाळी पाहुण्यांपैकी. गावच्या पोलिसाशी लग्न करून ती कायमची तेथे राहिली, तीन मुलगे झाले. आता जुन्या मैत्रिणी तिला आपल्यातली मानीत नाहीत, आणि गावात तिचे मन पुरते रमत नाही. जुन्या ओळखीतल्या घरचा एक तरुण शास्त्रज्ञ येतो, तेव्हा तिचा पाय घसरतो. चित्रपटात हा भाग गाळला आहे. तिचे वागणे मी योग्य म्हणत नाही. पण सासर आपले झाले नाही आणि माहेर परके झाले, तर बाईने उभे कोठे राहावे, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता माझे सांगते. आमच्या दोन खोल्या मे महिन्यात पाहुण्यांना देतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईचे एक कुटुंब उतरले होते. सकाळी बाईंनी विचारले, “काकू, आत्ता पाण्यात गेले तर चालेल ना?” ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी पाणी आत ओढते, हे मला पक्के माहीत. पण पाहुणे घाबरून दुसऱ्या गावी गेले तर? चार दिवसांचे भाडे आणि जेवणाचे पैसे डोळ्यांसमोर आले. मी एवढेच म्हटले, “जा की, जपून जा.” त्यांचा मुलगा ओढला गेला. आपल्या कोळीवाड्यातल्या दोघांनी उड्या घातल्या, म्हणून तो वाचला. त्या बाईंनी जाताना माझे हात धरून आभार मानले. मी काय केले होते, ते त्यांना कळलेच नाही. हे मी आजवर घरीही बोलले नव्हते.

पाहुण्यांच्या जिवावर आपण जगतो. त्यात लाज काही नाही, कष्टाचाच पैसा आहे तो. पण तो त्यांच्या जिवावर उठता कामा नये.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात, त्या प्रत्येकीने ओटीवर एक फळा लावावा. रोजची भरती-ओहोटीची वेळ त्यावर लिहावी, पाण्यात कोठे उतरू नये तेही लिहावे, आणि सकाळचा चहा देताना तोंडानेही सांगावे. एखादे बिऱ्हाड निघून गेले तर जाऊ द्यावे. माझ्या ओटीवर फळा लागला आहे. तुम्ही लावलात, तर माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके होईल.