परदेशी महाविद्यालये : अर्जापूर्वीचा हिशेब

(मंडळाच्या गुणगौरव समारंभातील भाषण)



आम्ही केवळ मॅट्रिक. सारा जन्म शाळेच्या फळ्यापुढे गेला. तरीही अमेरिकेतील महाविद्यालयांविषयी बोलावयास उभे आहोत, ते आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

आमच्या पुतणीची कन्या वर्गात सदैव पहिली. तिने तिकडील आठ नामांकित लहान महाविद्यालयांकडे अर्ज केले. सल्ला आमचाच होता. ‘दहांत एकाला प्रवेश मिळतो, आठ दारे ठोठावलीस तर एखादे उघडेलच,’ असे गणित आम्ही मांडले. आठही ठिकाणांहून नकार आला. पोरीने आम्हांस शब्दानेही दोष दिला नाही. तेच मनाला अधिक लागले.

मग आम्ही अभ्यासास बसलो. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स (स्थापना १७९३) व अ‍ॅमहर्स्ट (१८२१), पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर (१८६४) या संस्थांत चारही वर्षांचे मिळून विद्यार्थी सुमारे २००० किंवा त्याहून कमी. अलीकडे शंभर अर्जदारांत दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जणांस होकार मिळतो.

परंतु हे प्रमाण सर्वांचे मिळून आहे, प्रत्येकाचे नव्हे. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट येथे सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी महाविद्यालयाच्या संघांतून खेळतात; त्यांतील अनेकांना प्रशिक्षकांचे पाठबळ असते. काही जागा ‘निवड झाल्यास येईनच’ असे वचन देऊन नोव्हेंबरातच अर्ज करणाऱ्यांकडे जातात. त्या फेरीत प्रवेशाचे प्रमाण अधिक दिसते खरे, पण त्यात हे खेळाडूही मोजलेले असतात. शिवाय परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक साहाय्य मागितल्यास बहुतेक ठिकाणी निवडीच्या वेळी त्याचाही विचार होतो; अ‍ॅमहर्स्टसारख्या थोड्याच संस्था तो करीत नाहीत. उरलेल्या जागांत आपले स्थान शोधावयाचे.

आमचे गणितही कच्चेच होते. दहांत एक हे प्रमाण धरून आठ निकाल परस्परांपासून स्वतंत्र मानले, तरी आठही नकार येण्याचा संभव शंभरांत त्रेचाळीस! आणि ते स्वतंत्र नसतातच. एका अर्जातील उणीव आठही ठिकाणी दिसते.

म्हणून पालकांस विनंती की, पुष्कळ महाविद्यालये दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात, ते आधी वाचावे. अर्ज किती, होकार किती, निवडीत कशाला किती महत्त्व, हे त्यात दिलेले असते. घरातून वर्षाला किती पैसा उभा राहील, तो आकडाही मुलांपासून लपवू नये. मग दोन कठीण, तीन आवाक्यातील आणि दोन जवळजवळ निश्चित अशा संस्था निवडाव्या. निश्चित म्हणून निवडलेली संस्था अशी असावी की तेथे जाण्यात मुलास कमीपणा वाटू नये.

आमची नात आज पुण्यात अर्थशास्त्र शिकते. वर्गात ती पहिली नाही, पण रमली आहे. तो नकार तिच्या गुणांना नव्हता, आमच्या हिशेबाला होता, हे तिला वेळीच सांगावयास हवे होते. आज या सभेत सांगतो, आणि आपली रजा घेतो.