‘स्वतंत्र’ ठरवलेला कामगार



कामगाराचे हक्क काढून घेण्यासाठी कायदा मोडावाच लागतो असे नाही. कामगाराचे नाव बदलले तरी काम भागते. त्याला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटले, की किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, बेकारीचा विमा या जबाबदाऱ्यांतून मालक मोकळा होतो. अमेरिकेत या वर्गीकरणाचे नियम बऱ्याच अंशी राज्येच ठरवतात. त्यांपैकी कॅलिफोर्नियाचा अनुभव चळवळीने अभ्यासण्याजोगा आहे.

१९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे काकड्या तोडणाऱ्या मजुरांचा प्रश्न आला. मळेवाल्याने उत्पन्नातील वाट्याचा करार करून त्यांना ‘स्वतंत्र’ ठरवले होते. न्यायालयाने तो देखावा अमान्य केला. परंतु त्या निकालातील कसोट्या अनेक आणि लवचीक असल्याने प्रत्येक तंटा नव्याने लढावा लागे. २०१८ च्या निकालाने हे चित्र पालटले. माल पोचवणाऱ्या एका कंपनीने २००४ मध्ये आपल्या नोकरीतील चालकांना कंत्राटदार करून टाकले होते. न्यायालयाने सिद्धतेचा भार मालकावर टाकला. काम करणारा मालकाच्या नियंत्रणाखाली नाही, त्याचे काम मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे आहे आणि त्याचा स्वतःचा स्वतंत्र धंदा आहे, या तिन्ही गोष्टी मालकाने सिद्ध केल्या तरच तो स्वतंत्र, एरवी कामगार. निकालातील उदाहरण बोलके आहे. दुकानातील गळती दुरुस्त करणारा प्लंबर स्वतंत्र. कपड्यांच्या कारखानदाराने दिलेल्या कापडाचे घरी बसून कपडे शिवणारी स्त्री मात्र कामगारच. आपल्याकडे पानतंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांना १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कामगार मानले होते, ते याच न्यायाने.

२०१९ मध्ये विधिमंडळाने या कसोटीचा कायदा केला. तत्त्व रास्त होते, पण आखणीत घाई झाली. एका प्रकाशनासाठी वर्षाला पस्तीसहून अधिक लेख लिहिणारा मुक्त लेखकही कसोटीच्या कक्षेत आला. संगीतकार, अनुवादक अडचणीत सापडले. ज्यांचे स्वातंत्र्य खरे होते, तेच कायद्याविरुद्ध बोलू लागले. सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली, पण तोवर भांडवलाला हवी ती सबब मिळाली होती. उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतून त्याच नोव्हेंबरात सार्वमतात ‘प्रस्ताव २२’ मंजूर करून घेतला. सुमारे ५८ टक्के मतदारांनी कौल दिला आणि ॲपवरचे चालक पुन्हा ‘स्वतंत्र’ झाले. त्यांना किमान वेतनाच्या १२० टक्के मिळकतीची हमी मिळाली, पण ती फक्त फेरीच्या वेळेपुरती. गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात गेलेला वेळ हिशेबात नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा प्रस्ताव वैध ठरवला.

याचा बोध स्पष्ट आहे. भाडे ठरवणे आणि काम बंद करणे ज्याच्या हाती आहे, तोच मालक. चालकाची गाडी स्वतःची असल्याने तो उद्योजक होत नाही. पण छोट्या स्वयंरोजगाऱ्याला आणि राबवून घेतल्या जाणाऱ्या मजुराला एकाच मापाने मोजले, तर पहिला दुरावतो आणि दुसराही हरतो. दोघांना एकत्र आणणे हे संघटनेचे काम आहे. केवळ कायद्याच्या कलमाने ते साधत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने याच प्रवासी चालकांना, ‘स्वतंत्र’ ठरवूनही, संघटना बांधून सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. भारताच्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही गिग कामगाराची व्याख्या मालक-नोकर नात्याबाहेर केली आहे. म्हणून त्याला संघटनेत आणण्यासाठी व्याख्या बदलण्याची वाट पाहत बसता येणार नाही.