खुली विद्या आणि लोकांचे कोश



शाळा-कॉलेजें सुरू होण्याच्या दिवसांत औरंगपुऱ्यांतील पुस्तकांच्या दुकानांपुढें एक दृश्य नेहमीं दिसतें. विद्यार्थी पुस्तक हातीं घेतो, आधीं किंमत पाहतो आणि कधीं कधीं तें मुकाट्यानें खालीं ठेवतो. पुस्तकाबरोबर ज्ञानही असें परत ठेवावें लागावें काय?

या प्रश्नाला दोन उत्तरें एकाच वर्षीं मिळालीं. २००१ सालीं विकिपीडिया सुरू झाला. त्याच सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेनें आपलें पाठ्यसाहित्य सर्वांस विनामूल्य देण्याचा संकल्प जाहीर केला. मराठी विकिपीडिया २००३ सालीं अवतरला. एकीकडे लिहिणारे अध्यापक, दुसरीकडे तपासणारे व वाढविणारे असंख्य हात. हा विवाह सहज जुळावा. तो अडतो कोठें? परवान्यापाशीं! त्या संस्थेचा परवाना व्यापारी उपयोगास मनाई करितो. विकिपीडियाची अट अशी कीं, श्रेय देऊन आणि त्याच अटी पुढें चालवून कोणासही, व्यापाऱ्यासही, मजकूर घेतां यावा. म्हणून ते पाठ जसेच्या तसे विकींत उतरवितां येत नाहींत. ‘फुकट वाचा’ म्हणणें निराळें आणि ‘घ्या, सुधारा, वाटा’ म्हणणें निराळें.

हें दुसरें वचन गोवा विद्यापीठानें २०१३ सालीं उच्चारलें. आपल्या कोंकणी विश्वकोशाचे चार खंड त्यानें अशाच मुक्त परवान्यानें खुले केले आणि विकिस्रोताचें दार त्यांस उघडलें. उलट आपल्याकडे डॉ. केतकरांचें उदाहरण पाहा. ते १९३७ सालीं निवर्तले. ग्रंथकाराच्या निधनानंतर हक्क त्या काळीं पन्नास वर्षें टिकत असे. म्हणून त्यांचें लेखन १९८८ सालीं सर्वांचें झालें. गोव्यानें जें एका निर्णयानें साधलें, त्यास येथें काळाची वाट पाहावी लागली.

लेखकाच्या पोटाचें काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. लेखणीवर जगणाऱ्यास दान करण्याची सक्ती कोणीं करूं नये. परंतु जें लेखन सार्वजनिक पैशानें झालें, किंवा जीं टिपणें अध्यापकानें वर्गासाठीं केलीं आणि ज्यांचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, तीं पेटींत कां पडावीं? त्यांच्या पहिल्या पानावर एवढेंच लिहावें: ‘श्रेय द्या, आणि याच अटीवर घ्या, वाढवा, वाटा.’ विकिकारांनींही परवान्यावांचून एक ओळही उचलूं नये.

तसें झालें, तर औरंगपुऱ्यांतील त्या विद्यार्थ्यानें पुस्तक खालीं ठेविलें, तरी विद्या त्याच्या हातून सुटणार नाहीं.